वाट वाकडी करून पाहिलेले निघोजचे रांजणखळगे

अहिल्यानगरहून पुण्याला येताना घोड नदीचा पूल ओलांडला की शिरूरला चहासाठी थांबायचे, हा आमच्या घरचा जुना रिवाज आहे. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी नात्यातला साखरपुडा आटोपून परतताना आम्ही असेच थांबलो, तेव्हा दुपारचे दोन वाजायला आले होते. चहा गाळणाऱ्या गृहस्थांनी गाडीतल्या लहान मुलीकडे पाहून सहज विचारले, "निघोजचं कुंड दाखवलं का हिला?" या रस्त्याने मी वीस वर्षे ये-जा करत आहे आणि शाळेच्या भूगोलात रांजणखळगे, म्हणजे नदीपात्रातल्या खडकात पडलेले रांजणासारखे गोल, खोल खड्डे, हा शब्द आकृतीसह पाठ केलेला आहे, तरीही उत्तर नकारार्थीच द्यावे लागले. शिरूरहून निघोज सुमारे २५ किलोमीटर आहे. घरी पोचायची कोणालाच घाई नव्हती. वडील, पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि मी अशा चौघांनी तिथल्या तिथे ठरवले आणि गाडी पुण्याच्या रस्त्यावरून वळवली.

निर्णय आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना तेवढेच हवे आहे त्यांना पुढे वाचावे लागणार नाही. पुणे–अहिल्यानगर रस्त्याने जाणाऱ्या कोणीही हे ठिकाण पाहण्यासाठी वाट वाकडी करावी. मात्र अर्ध्या तासात उरकायचे असेल तर करू नये. काठावरून पाहून, चार छायाचित्रे काढून परतणाऱ्याला येथे काळा खडक आणि हिरवट पाणी यांपलीकडे फारसे काही मिळत नाही. निदान दोन तास हाताशी असावेत, ऊन उतरते असावे आणि बरोबरच्या मंडळींना दगडाकडे टक लावून पाहण्याचा कंटाळा नसावा.

रस्ता एकंदरीत चांगला आहे. दोन्ही बाजूंना कांद्याची शिवारे, मध्येच निसवलेली ज्वारी आणि नदीच्या अंगाला ऊस, असा तो प्रदेश आहे. मोबाइलवरच्या नकाशावर मात्र डोळे झाकून विसंबू नये. कुकडी नदी येथे दोन जिल्ह्यांची हद्द आहे. एका काठावर पारनेर तालुक्यातले निघोज आणि समोरच्या काठावर शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी, अशी रचना असल्यामुळे कुंडाचे नाव टाकले की नकाशा कधी या काठाला नेतो, कधी त्या. आम्हांला त्याने एका शेतरस्त्यावर घातले, जो कांद्याच्या चाळीपाशी जाऊन संपला. तिथल्या शेतकऱ्याने बैलगाडी बाजूला घेऊन गाडी वळवायला जागा करून दिली आणि मळगंगा देवीच्या देवळाची वाट विचारत जा, असे सांगितले. तोच सल्ला मी देईन. या भागात "रांजणखळगे" म्हणून विचारण्यापेक्षा "कुंडावर जायचंय" म्हणावे, लहान पोरही वाट दाखवते. निघोज गावातून कुंड तीन-चार किलोमीटरवर आहे. स्वतःचे वाहन नसलेल्यांना शिरूरहून एस.टी.ने निघोजपर्यंत येता येते, परंतु गावापासून कुंडापर्यंतची आणि परतीची सोय आधी पाहून ठेवलेली बरी.

काठावर पोचल्यावर पहिल्यांदा निराशा होण्याची शक्यता आहे. देऊळ दिसते, नारळ-ओटीची दुकाने दिसतात, झाडे दिसतात, पण ज्याच्यासाठी आलो ते दिसत नाही, कारण ते जमिनीच्या पातळीच्या खाली आहे. दोन काठांना जोडणाऱ्या झुलत्या पुलाकडे चार पावले गेल्यावर एकदम खाली नजर जाते आणि सपाट माळरानासारखा वाटणारा खडक मधोमध फाटून त्यात नदी उतरलेली दिसते. त्या फाटीच्या दोन्ही कडा सरळ नाहीत. जणू मोठमोठे रांजण शेजारी शेजारी मांडून त्यांचे अर्धे अर्धे भाग कोणी कापून नेले असावेत, अशा गोल गोल वळणांनी त्या बनलेल्या आहेत. माझी पत्नी काही बोलली नाही, नुसती कठड्याला धरून उभी राहिली. मुलीने मात्र लगेच विचारले की हे कोणी खोदले.

हे कुकडीनेच खोदले आहे. ही नदी जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, नाणेघाटाच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावते. पूर गावचे कुकडेश्वराचे प्राचीन देऊळ तिच्या उगमापाशी आहे. तेथून पूर्वेकडे वाहत येऊन ती पुढे घोड नदीला मिळते, घोड भीमेला आणि भीमा कृष्णेला. निघोजपाशी तिच्या पात्रात दख्खनचा काळा पाषाण उघडा पडलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्हाचा हा खडक सगळीकडे सारख्या ताकदीचा नसतो. कोठे त्यात वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे राहिलेली असतात, कोठे थंड होताना पडलेल्या भेगा असतात. पुराच्या वेळी जोराचे पाणी अशा एखाद्या कच्च्या जागेवरून जाताना भोवरा धरते, भोवऱ्यात वाळू आणि दगडगोटे अडकतात आणि गरगर फिरत खडकाला घासू लागतात. वाटीएवढा खोलगट भाग झाला की पुढच्या पुरात गोटे नेमके तेथेच अडकतात, त्यामुळे वाटीची परात होते आणि परातीचा रांजण. येथे एक गल्लत पुष्कळांकडून होते, तीही सांगून टाकतो. ६.६ कोटी वर्षे हे खडकाचे वय आहे, खळग्यांचे नव्हे. नदीने हे पात्र कोरायला घेतले ते त्यानंतर फार उशिरा, आणि ते काम अजून संपलेले नाही.

पाठ्यपुस्तकातले हे वर्णन मला ठाऊक होते, पण ते खरे समजले वडिलांमुळे. त्यांनी भोसरीतल्या एका कारखान्यात बत्तीस वर्षे लेथवर काम केले आहे. पुलावरून परत येऊन आम्ही कडेच्या उंच, कोरड्या खडकावर सावकाश उतरलो, तेव्हा ते एका खळग्याच्या काठाशी बसून आतल्या बाजूला बोटे फिरवत बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लोक याला बोअरिंग म्हणतील, पण हे लॅपिंग आहे. बोअरिंगमध्ये टूल जॉबला कापतं. इथं कुणी कुणाला कापत नाही, मधली वाळू दोघांनाही घासतेय. टूलही झिजतं आणि जॉबही." गोट्यांना त्यांनी टूल म्हटले आणि खडकाला जॉब. पाण्याचे काम काय, असे नातीने विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की पाणी फिरवते, आणि झिजून पडलेली भुकटी धुऊनही नेते, नाहीतर खळगा स्वतःच्याच चुऱ्याने बुजून गेला असता. रांजणखळग्यांवर मी आजवर जे काही वाचले, त्यात इतके नेमके सांगितलेले मला आढळले नव्हते.

त्यानंतर आम्ही एकच खळगा निवडला आणि त्याच्याकडे नीट पाहिले. माझ्या मते येथे येणाऱ्या प्रत्येकाने हेच करावे. तोंड साधारण परातीएवढे, जवळजवळ वाटोळे. खडकावर पालथे पडून मी हात खांद्यापर्यंत आत घातला, तेव्हा कुठे बोटे तळाच्या गोट्यांना लागली. वरच्या कडेपेक्षा आतले पोट रुंद होते, ते डोळ्यांना कळत नव्हते, हाताला कळले. वरचा चार बोटांचा भाग उन्हापावसाने खडबडीत झालेला, त्याखाली मात्र भिंत घोटलेल्या पाटीसारखी गुळगुळीत, आणि आणखी खाली तिच्यावर तिरकस उतरत जाणाऱ्या रुंद, उथळ पन्हळी होत्या. बोट त्या पन्हळीत ठेवून सरकवले की ते आपोआप गोल फिरत खाली जात होते. तळाला ओंजळभर गढूळ पाणी आणि त्यात सात गोटे. सर्वांत लहान लिंबाएवढा, सर्वांत मोठा नारळाएवढा. एकालाही कोपरा म्हणून शिल्लक नव्हता. एक तांबूस होता. एकावर पांढरे ठिपके होते. लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत नंतर साठलेल्या खनिजांचे हे ठिपके दगड झिजल्यावर असे उघडे पडतात.

नजर एकदा सरावली की आजूबाजूच्या खडकावर या कामाच्या सगळ्या पायऱ्या एकाच वेळी पाहायला मिळतात. नुकतीच सुरुवात झालेल्या, करंगळी बुडेल एवढ्या खोलगट वाट्या आहेत. दोन शेजारचे रांजण वाढत वाढत एकमेकांना भिडले आणि मधली भिंत झिजून जुळे झाले, असे आहेत. कोठे त्या भिंतीचा खालचा भाग आधी गेला आणि वर दगडी कमान शिल्लक राहिली आहे. बऱ्याच उंचीवर, आता पाणी क्वचितच पोचत असेल अशा जागी, मातीने भरलेले आणि वाळके गवत उगवलेले खळगे आहेत. कधीकाळी नदी त्या पातळीवरून वाहत होती, नंतर ती खाली उतरली आणि ते खळगे मागे राहिले. आजची खोल फाट हीसुद्धा असेच असंख्य रांजण एकमेकांत मिसळून तयार झालेली आहे, हे तिच्या कडांच्या गोलाईवरून ध्यानात येते. जगातले सर्वांत मोठे किंवा आशियातले सर्वांत मोठे अशी विशेषणे या जागेला नेहमी लावली जातात. या जागेला त्यांची गरज नाही. वाटीपासून दरीपर्यंतचा सगळा प्रवास एका जागी, पुण्यापासून दोन-अडीच तासांवर पाहायला मिळतो, हेच माझ्या लेखी पुरेसे मोठे आहे.

मला खटकलेली गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, कारण तिचा संबंध त्या गोट्यांशी आहे. आम्ही पाहिलेल्या खळग्यांपैकी काहींच्या तळाशी गोट्यांच्या जागी पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे आणि फुटलेल्या काचा होत्या. कचऱ्याबद्दल सर्वत्र तक्रार केली जाते आणि ती योग्यच आहे, पण येथे त्याशिवाय आणखी एक नुकसान होते, ते लक्षात येत नाही. येणारी मुले आणि मोठी माणसेही खळग्यातले गोल गोटे काढून पाण्यात भिरकावतात किंवा आठवण म्हणून घरी नेतात. माझ्या मुलीनेही तो पांढऱ्या ठिपक्यांचा गोटा उचलून घेतला होता. आजोबांनी तिला समजावले की हे नदीचे हत्यार आहे, पुढच्या पावसात तिला ते लागेल, आणि तिने तो परत त्याच खळग्यात, हात लांबवून, आवाज होऊ न देता ठेवला. मूर्तीचे नाक फोडणाऱ्याला आपण अडवतो. खळग्यातला गोटा उचलणाऱ्याला कोणी अडवत नाही, कारण तो पडलेला दगड वाटतो. पात्राच्या बाजूला हे खळगे कसे घडले आणि गोटे का हलवू नयेत, हे चार ओळींत सांगणारा फलक आम्हांला दिसला नाही. तो असायला हवा. त्यासाठी फार खर्चही येणार नाही.

सुरक्षेचा मुद्दा याहून गंभीर आहे. देवळाजवळ नारळ विकणाऱ्या एका वृद्ध बाईंनी माझ्या पत्नीला आपण होऊन सांगितले, "बाई, लेकराचा हात सोडू नका. त्या हिरव्या पान्याला तळ लागत न्हाई." हे शब्दशः मानावे. खळग्यांच्या भिंती आत पोटाकडे रुंद होत गेलेल्या आणि घोटलेल्या असतात, त्यामुळे आत पडलेल्या माणसाला धरायला काहीच सापडत नाही. पट्टीचा पोहणाराही अशा ठिकाणी हतबल होऊ शकतो. काठाजवळचा खडक ओला असेल तर शेवाळामुळे पाय सटकतो. म्हणून उतरायचे ते फक्त कोरड्या, उंच भागावर आणि पाण्यापासून चांगले अंतर राखून. शिवाय नदीच्या वरच्या अंगाला माणिकडोह आणि येडगाव ही धरणे आहेत. कुकडी प्रकल्पाचे पाणी पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांतल्या शेतीला जाते. नदीत पाणी सोडलेले असेल तर येथे आभाळ निरभ्र असूनही पात्रातली पातळी बदलू शकते. जाण्याआधी "नदीला पाणी सुटलंय का" एवढे गावात विचारून घ्यावे. त्या मुलखात प्रत्येक शेतकऱ्याला आवर्तनाची, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या पाळीची, तारीख पाठ असते.

झुलत्या पुलावर गर्दी करून थांबू नये, हेही मी आवर्जून सांगेन. पुणे जिल्ह्यातच इंद्रायणीच्या पात्रातल्या कुंडमळ्याला असेच रांजणखळगे आहेत, आणि तेथला जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी, रविवारच्या गर्दीत कोसळून माणसे दगावली. निघोजचा पूल वेगळा आहे आणि आम्ही गेलो तेव्हा त्यावर जेमतेम पाच-सहा माणसे होती. तरीही छायाचित्रासाठी मध्यभागी घोळका करून पूल हलवण्याचा जो खेळ काही तरुण करत होते, तो पाहून माझ्या पोटात गोळा आला.

सोयींबद्दल थोडक्यात लिहितो. वाहन उभे करायला देवळाजवळ पुरेशी मोकळी जागा आहे. चहा मिळाला, गरम भजी मिळाली, उसाचा ताजा रसही मिळाला. पोटभर जेवण मात्र शिरूरलाच उरकावे. पिण्याचे पाणी घरून न्यावे आणि रिकाम्या बाटल्या परत न्याव्यात. ज्येष्ठांसाठी काठावरून आणि पुलावरून दिसणारा देखावाही समाधानकारक आहे. पात्रात उतरण्याचा आग्रह त्यांना करू नये. माझे वडील उतरले ते स्वतःच्या हट्टाने आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून. हे देवीचे स्थान आहे याचे भान कपड्यांत आणि आवाजात राखावे. मळगंगेची यात्रा चैत्रात भरते आणि त्या दिवसांत येथे हजारो भाविक येतात. ज्याला केवळ खडक पाहायचा आहे, त्याने ते दिवस टाळावेत. ज्याला गाव पाहायचे आहे, त्याने तेच दिवस निवडावेत.

ऋतूचे म्हणाल तर पूर ओसरल्यानंतर, दिवाळीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. पुढे हा काळा खडक इतका तापतो की अनवाणी पाऊल ठेवता येत नाही. दिवसाची वेळ मी दुपारी चारनंतरची सुचवेन. आम्ही तीनच्या सुमारास पोचलो, तेव्हा डोक्यावरच्या उन्हात सगळा खडक एकसारखा करडा, सपाट दिसत होता. साडेचार वाजल्यानंतर सावल्या लांबल्या आणि प्रत्येक खळग्याची एक बाजू काळी व दुसरी उजळ झाली. भिंतीवरच्या ज्या पन्हळी मला हाताने चाचपाव्या लागल्या होत्या, त्या आता पुलावरूनही मोजता येत होत्या. केवळ यासाठी आम्ही पुलावर दुसऱ्यांदा गेलो.

निघताना वडिलांनी त्या नारळवाल्या बाईंना विचारले की पावसाळ्यात येथे कसे असते. त्या म्हणाल्या, "तवा काय दिसत न्हाई, समदं पानीच. पर रातच्याला आवाज येतो. आत जातं फिरल्यावानी." वडिलांनी ते दोनदा विचारून खात्री करून घेतले. पावणेसहाला आम्ही निघालो, शिक्रापूरच्या चौकातल्या गर्दीत अर्धा तास गेला आणि घरी पोचायला नऊ वाजले, म्हणजे एकूण चार-साडेचार तास आणि पन्नास-साठ किलोमीटर जास्त झाले. श्रावणात एकदा निघोजला मुक्कामाला जायचे आणि रात्री काठावरून, पात्रात न उतरता, तो आवाज ऐकायचा, असे वडिलांनी वाटेतच ठरवून टाकले आहे.